गुंतवणूकदाराने कार्ड उलटून काय पाहावे?

बाणेर-बालेवाडी परिसरातील नवउद्योगांच्या सादरीकरणांना गेल्या काही वर्षांत अधूनमधून जाण्याचा योग आला. सुरक्षित डिजिटल ओळखपत्रे बनवणारी लहान कंपनी समोर असली की तिथे एक दृश्य हमखास पाहायला मिळते. संस्थापक खिशातून नमुन्याचे कार्ड काढतो, ते वाकवून दाखवतो, तिरपे धरून होलोग्राम चमकवतो, आणि मग ते कार्ड टेबलाभोवती हातोहात फिरते. प्रत्येक गुंतवणूकदार त्यावरून अंगठा फिरवतो, चिपचा सोनेरी चौकोन न्याहाळतो आणि समाधानाने शेजाऱ्याकडे देतो. 85.60 मिलिमीटर लांब, 53.98 मिलिमीटर रुंद आणि 0.76 मिलिमीटर जाड असा तो तुकडा आंतरराष्ट्रीय मानकानुसार एटीएम कार्डाच्याच मापाचा असतो. त्याच्या स्पर्शावरून कंपनीची किंमत जोखणे म्हणजे बासनाच्या कापडावरून आतल्या पोथीची परीक्षा करणे होय.

ओळखपत्र तपासणाऱ्याला खरे तर तीन गोष्टींची खात्री हवी असते. त्यावरची माहिती अधिकृत संस्थेनेच दिली आहे काय, हातातले कार्ड मूळचे आहे की नक्कल, आणि ते दाखवणारी व्यक्ती तीच आहे काय? बाजारातली बरीच ‘सुरक्षित’ कार्डे यांपैकी एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देतात आणि बाकीचे तपासणाऱ्याने समजून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असते.

पहिला प्रश्न आपल्याकडे जुना आहे. शिवकालीन पत्रांवर आरंभी राजमुद्रा असे आणि मजकूर संपल्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब केली जाई. पहिल्या मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे आणि दुसरीमुळे पत्र कुठे संपले ते निश्चित होई, जेणेकरून खाली कोणी चार ओळी वाढवू नयेत. डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकदम करते. मजकुराचा एक ठरावीक लांबीचा गणिती गोषवारा काढला जातो, मूळ मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हा गोषवारा पार बदलून जातो, आणि त्या गोषवाऱ्यावर संस्था आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करते. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली जगजाहीर असते आणि तिच्या साहाय्याने कोणालाही स्वाक्षरी पडताळता येते, पण तिच्यावरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला आरएसए या पद्धतीचे प्रत्यक्ष रूप दिले.

आधार पत्रावरचा क्यूआर कोड याच तत्त्वावर चालतो. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि 2020 पासून, तेव्हाचे 50 रुपये शुल्क भरून, प्लास्टिकचे आधार कार्डही मागवता येऊ लागले. त्यावरच्या क्यूआर कोडातील नाव, पत्ता आणि छायाचित्र यांवर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते, त्यामुळे त्यात फेरफार केल्यास पडताळणी तत्काळ फसते. मात्र त्याच कोडाची झेरॉक्स काढली, तर ती झेरॉक्सही तितकीच ‘खरी’ ठरते. माहिती अस्सल आहे एवढेच स्वाक्षरी सांगते. कागद अस्सल आहे काय, हे सांगणे तिच्या आवाक्यात नाही. म्हणून तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी अशी तपासणी करताना पडद्यावर उमटलेले छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहणे अनिवार्य असते, आणि नेमके तेच करायचा बहुतेक ठिकाणी कंटाळा केला जातो.

दुसऱ्या प्रश्नासाठी चिप लागते. चांगल्या चिपमध्ये गुप्त किल्ली आतच जन्मते आणि कधीही बाहेर पडत नाही. कार्ड वाचणारा रीडर चिपला दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या पाठवतो, चिप तिच्यावर आतल्या आत स्वाक्षरी करून उत्तर देते, आणि संख्या प्रत्येक वेळी वेगळी असल्यामुळे कालचे उत्तर ऐकून ठेवलेल्याला आज त्याचा काहीच उपयोग होत नाही. याच्या तुलनेत आपल्या कितीतरी कार्यालयांच्या दारांवर वापरली जाणारी 125 किलोहर्ट्झची साधी कार्डे विचारणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगून मोकळी होतात. तो क्रमांक दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवायला स्वस्तातले यंत्र आणि काही सेकंद पुरतात. त्याहून वरच्या दर्जाचे समजले जाणारे मायफेअर क्लासिक हे कार्डही 48 बिटांच्या तोकड्या किल्लीमुळे आणि गुप्त ठेवलेल्या, पण कच्च्या कूटपद्धतीमुळे 2008 मध्ये नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी जाहीरपणे फोडून दाखवले होते.

चिपमधून किल्ली बाहेर पडत नाही हे विधानही थोडे सावधपणेच करावे लागते. पॉल कोचर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये असे दाखवून दिले की, गणित करत असताना चिप किती वीज ओढते याच्या बारीक चढउतारांचा आलेख काढला, तर त्यातून किल्लीचे बिट हळूहळू वाचता येतात. बंद दाराआडच्या चुलीवर काय शिजते आहे हे वासावरून ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे. तेव्हापासून चांगल्या चिपमध्ये विजेच्या वापरात मुद्दाम गोंधळ मिसळला जातो आणि तिची स्वतंत्र प्रयोगशाळेत कसोटी घेऊन दर्जा ठरवला जातो.

अशी चिप घडवण्याचे कारखाने जगात मोजक्याच मोठ्या कंपन्यांकडे आहेत. पुण्यातील दहा-पंधरा अभियंत्यांची कंपनी ती विकत घेते. कार्डाचे कोरे प्लास्टिक आणि छपाईयंत्रही विकतच येते. मग कंपनीचे स्वतःचे असे काय उरते? चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम, प्रत्येक कार्डात किल्ली तयार करवून तिचे प्रमाणपत्र (ती किल्ली कोणाची हे सांगणारा स्वाक्षरीयुक्त दाखला) भरण्याची पद्धत, या दाखल्यांच्या स्वाक्षऱ्यांमागची सर्वांत वरची मूळ किल्ली सांभाळण्याची व्यवस्था, आणि दारावरच्या रीडरपासून ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंतची पडताळणी. थोडक्यात, फिरत्या कार्डात जे दिसत नाही तेवढेच तिचे असते. मूळ किल्ली एचएसएम नावाच्या बंदिस्त यंत्रात आहे की एखाद्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर, ती वापरायला दोन किंवा तीन व्यक्तींनी एकत्र येणे आवश्यक आहे काय, आणि त्यांपैकी एकाने नोकरी सोडली तर पुढे काय, हे प्रश्न मी सादरीकरणात विचारले गेलेले फारसे ऐकलेले नाहीत. बाजारपेठ किती मोठी आहे, हा प्रश्न मात्र दर वेळी येतो.

दारापलीकडची व्यवस्था कच्ची असली तर काय होते, हे पुण्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि नक्कल केलेल्या कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण फटका 94 कोटी रुपयांच्या पुढे गेला. कार्डाला मंजुरी देणारी मधली यंत्रणाच हल्लेखोरांनी बाजूला सारली होती, त्यामुळे खात्रीचा प्रश्न बँकेच्या खऱ्या सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही.

तरीही या क्षेत्रातील सर्वांत बोधक घटना एस्टोनियाची आहे, आणि ओळखपत्रांच्या कंपनीत पैसे घालण्यापूर्वी ती बारकाईने समजून घ्यावी असे माझे मत आहे. सुमारे तेरा लाख लोकसंख्येच्या या देशात 2002 पासून चिपयुक्त ओळखपत्र आहे आणि त्यावर स्वाक्षऱ्यांपासून मतदानापर्यंतची कामे होतात. 2017 मध्ये चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, त्या चिपमधील आरएसए किल्ल्या तयार करणारा प्रोग्राम वेळ वाचवण्यासाठी किल्लीला लागणाऱ्या मूळ (अविभाज्य) संख्या एका विशिष्ट साच्यातून काढत होता. साचा कळल्यावर केवळ सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली शोधण्याचे काम अशक्य कोटीतून खर्चिक कोटीत आले. चिप प्रमाणित होती, उत्पादक नामांकित होता, आणि दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. नोव्हेंबर 2017 मध्ये एस्टोनियाने सुमारे 7 लाख 60 हजार कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली.

देश त्यातून सावरला तो दोन कारणांनी. त्याच चिपला लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेली दुसरी कूटपद्धती येत होती, आणि कार्डावरची प्रमाणपत्रे घरबसल्या संगणकावरून बदलण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. नवी कार्डे छापून वाटावी लागली असती, तर किती महिने गेले असते याची कल्पनाच केलेली बरी. ही सोय बांधताना अर्थातच खर्च झाला असणार, आणि नमुन्याच्या कार्डावर अंगठा फिरवून ती जाणवली नसती.

पैशाच्या बाजूने पाहिले, तरी चित्र असेच दिसते. चाकणच्या एखाद्या कारखान्याला कंत्राटी कामगारांसाठी पाच हजार कार्डे पुरवली, तर ती विक्री एकदाच होते आणि तिच्यावरचा नफा बेताचा असतो. सरकारी निविदा असेल, तर सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते आणि देयके निघेपर्यंत खेळते भांडवल अडकून पडते. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावीत असे 2006 चा कायदा म्हणतो खरा. टिकाऊ उत्पन्न पडताळणी, नूतनीकरण आणि किल्ल्यांची देखभाल यांच्या वार्षिक शुल्कातून येते. देवदूत कर (एंजल टॅक्स) म्हणून ओळखली जाणारी, नवउद्योगाला शेअरच्या वाजवी किमतीहून जास्त मिळालेल्या भांडवलावर कर लावणारी तरतूद 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाल्यापासून अशा कंपन्यांत लहान रकमा घालण्यातला एक जाच कमी झाला आहे, परंतु कायद्याचा वारा या धंद्यात उलटाही वाहतो. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधील खासगी कंपन्यांना आधारवरून ओळख पटवण्याची मोकळीक देणारा भाग रद्द केला, तेव्हा त्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या सेवांना घडी नव्याने बसवावी लागली.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तर माहितीची पुरेशी सुरक्षा न राखल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून कंपनीकडे किती लोकांची माहिती साठली आहे, ही बाब एके काळी भूषणाची असली तरी आता तिच्याकडे जोखीम म्हणूनही पाहायला हवे. मोबाइलवरील वाहन परवान्याच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मानकात यावर सुरेख तोडगा आहे. प्रत्येक रकान्याचा वेगळा गोषवारा काढून त्या सगळ्या गोषवाऱ्यांवर एकत्रित स्वाक्षरी केली जाते, त्यामुळे धारक वय 18 पूर्ण असल्याचा रकाना तेवढा उघड करतो आणि पत्ता, जन्मतारीख झाकलेलीच राहते, तरी स्वाक्षरी पडताळता येते.

येत्या काही वर्षांत या सर्व हिशेबात क्वांटम संगणकाची भर पडणार आहे. तसा मोठा संगणक उद्या बांधला गेला, तर आरएसए आणि लंबवर्तुळी वक्र दोन्ही कोसळतील, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. अडचण आकाराची आहे. लंबवर्तुळी वक्राची नेहमीची स्वाक्षरी 64 बाइटांत बसते, तर एमएल-डीएसए या नव्या पद्धतीच्या मधल्या पातळीची स्वाक्षरी 3309 बाइटांची होते, आणि सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात 2953 बाइटच मावतात. म्हणजे नाव-गाव लिहिण्याआधीच जागा संपली. सर्वांत लहान पातळीची 2420 बाइटांची स्वाक्षरी कशीबशी बसते, पण छायाचित्राला मग जेमतेम पाचशे बाइट उरतात. दहा वर्षे चालणारे कार्ड आज छापणाऱ्या कंपनीने याचा विचार केला आहे काय, हे तिला विचारलेच पाहिजे.

यांतले बरेचसे तोंडी उत्तरांवर सोपवावे लागते, परंतु एक चाचणी सादरीकरणाच्या खोलीतच करता येते. फिरणारे कार्ड आपल्यापाशी आले की ते आत्ताच रद्द करायला सांगावे, चहा होईपर्यंत थांबावे आणि मग तेच कार्ड दारावरच्या रीडरवर टेकवावे. इंटरनेट गेले तरी दार चालावे म्हणून पुष्कळ रीडर रद्द कार्डांची यादी स्वतःजवळ ठेवतात आणि ती दिवसातून एकदाच, बहुधा मध्यरात्री, ताजी करतात. सकाळी दहाला हरवलेले कार्ड अशा दारावर मध्यरात्रीपर्यंत चालत राहते. मी ही चाचणी दोनदा केली आहे. एकदा रीडरवर लाल दिवा लागला आणि एकदा दार उघडले.