बगळ्याला न परवडणारं तळं

बागेतल्या तळ्यातले मासे कमी होऊ लागले, की संशय आधी मांजरावर जातो. पुष्कळदा ते बिचारं निर्दोष असतं. खरा चोर पहाटे येतो आणि माणसांची जाग लागायच्या आत जातो: राखी बगळा. उभा राहिला की मीटरभर उंच, वजन मात्र जेमतेम दीड-दोन किलो. अंधुक उजेडातही त्याला शिकार साधते, म्हणून पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या आवडत्या वेळा.

त्याला हुसकावण्याचे उपाय शोधण्याआधी तो शिकार कशी करतो ते पाहायला हवं. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतोच. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो, त्यामुळे बरोबर वरून पाहिलं तर 40 सेंटिमीटर खोल असलेला मासा 30 सेंटिमीटरवर असल्यासारखा भासतो. तिरकस पाहिलं तर आणखीच वर. दिसतो तिथे चोच मारली तर ती माशाच्या पाठीवरून निघून जाईल. बगळ्याची मात्र सहसा अशी फसगत होत नाही. गादी कात्झीर आणि नेथन इंट्रेटर यांनी 1987 साली किनाऱ्यावरच्या बगळ्यांचा अभ्यास करून दाखवलं, की चोच मारताना ते भासणारी आणि खरी खोली यांतला फरक भरून काढतात. शाळेत आपल्याला आकृती काढूनही नीट न कळलेलं अपवर्तन हा पक्षी रोज उपाशीपोटी सोडवतो.

त्यात मानेची रचना अशी, की सहावा मणका इतरांपेक्षा लांब. त्यामुळे मान इंग्रजी ‘एस’सारखी दुमडून राहते आणि सुटते तेव्हा एखाद्या स्प्रिंगसारखी. तोपर्यंत बकध्यान चालूच.

माशाच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी वाईट आहे. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या एका शंकूत दाटलेलं दिसतं. त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. काठावरच्या वस्तू या वर्तुळाच्या कडेला चेपून, बुटक्या होऊन दिसतात, आणि तिथेच बगळा उभा असतो, न हलता. माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्यातली बारीक हालचालही टिपते, पण पायच हलला नाही तर ती टिपणार काय? शिवाय गोल्डफिशचे रानटी पूर्वज मळकट हिरवट होते, वरून पाहिलं तर तळाच्या रंगात मिसळून जाणारे. माणसाने निवडून निवडून त्यांना केशरी केलं आणि ते संरक्षण काढून घेतलं. वर रोज ठरल्या वेळी दाणे टाकून त्यांना हेही शिकवलं, की काठावर सावली पडली म्हणजे वर यायचं.

आता उपाय. सगळ्यात जास्त खपतो तो प्लास्टिकचा बगळा, आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगीही तोच. ‘ही जागा घेतलेली आहे’ असं समजून खरा बगळा निघून जाईल, ही त्यामागची कल्पना. पण बगळे वसाहतीत घरटी करतात, चांगल्या जागी एकमेकांच्या जवळपास चरतात, आणि दुसरा बगळा निवांत उभा दिसला तर तिथे मासे असावेत असाही अर्थ निघतो. चकाकणारे गोळे, जुन्या सीडी, घुबडाचे पुतळे यांचंही आयुष्य थोडंच. ज्या भीतीतून पुढे काहीच घडत नाही ती पक्षी सोडून देतो. निरुपद्रवी गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकणं ही त्याच्या जगण्याची गरजच आहे.

हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र त्यातल्या त्यात बरं. त्याचा सेन्सर उबदार शरीराची हालचाल ओळखतो आणि बगळ्याला नुसतं भेडसावत नाही, खरोखर भिजवतो. त्याची जागा मात्र अधूनमधून बदलावी.

पण भीतीपेक्षा भूमिती जास्त टिकते. बगळा हा उथळ पाण्यात चालणारा पक्षी. साधारण 30-40 सेंटिमीटरच्या पुढे त्याचे पाय अपुरे पडू लागतात. बशीसारखं उतरतं तळं म्हणजे त्याच्यासाठी पायऱ्या बांधून दिल्यासारखंच आहे. बाजू सरळ खाली गेलेल्या, खोली किमान 60 सेंटिमीटर आणि काठ पाण्यापेक्षा वीतभर उंच असेल, तर त्याला उभं राहायला चांगली जागाच उरत नाही. अशा तळ्यात पडलेल्या बेडकांना बाहेर येण्यासाठी एक खडबडीत फळी तिरकी लावून ठेवावी. अरुंद असावी, नाहीतर तीच बगळ्याचा ओटा व्हायची.

लपायला जागा हवीच. तळाशी आडवे ठेवलेले रुंद नळ किंवा दगडांवर टेकवलेली फरशी चालते. कमळाच्या पानांनी अर्धाअधिक पृष्ठभाग झाकला तर वरून नेम धरणं अवघड होतं. पूर्ण झाकू नये, कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात आणि पाण्याला हवा लागते. छोटं कारंजंही कामाचं: पाणी सतत हललं की माशाची प्रतिमा फुटते आणि बगळ्याचं सगळं गणित बिघडतं.

जाळी खात्रीची, पण ताणून आणि पाण्यापासून उंच बांधलेली. पाण्यावर टेकलेल्या जाळीतून बगळा सरळ चोच घालतो, आणि ढिल्या जाळीत साप, बेडूक, लहान पक्षी अडकून मरतात. काठाभोवती घोट्याच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर दोरी बांधण्याची युक्ती चालत येणाऱ्या बगळ्यावर चालते, थेट पाण्यात उतरणाऱ्यावर नाही. त्यासाठी तंगूस वापरू नये. न दिसणारा धागा पायात गुंतला तर पक्षी जायबंदी होतो. जाड, नजरेला पडेल अशी दोरी घ्यावी. बगळ्यांना कायद्याचं संरक्षण अनेक देशांत आहे, पण ते नसतं तरी पाय तुटलेला पक्षी कुणाला हवा असतो?

खंड्याचा प्रश्न वेगळा. तो फांदीवरून सूर मारतो आणि लहान मासेच नेतो. पाण्यावर आलेली सोयीची फांदी छाटली, की त्याची निम्मी सोय जाते. पाणकावळ्यापुढे मात्र खोलीचा काही उपयोग नाही. तो पाण्याखाली पोहून पाठलाग करतो. पण पुन्हा उडण्यासाठी त्याला पाण्यावर धाव घ्यावी लागते, त्यामुळे छोट्या तळ्यांच्या वाट्याला तो क्वचितच जातो.

एखादा हल्ला होऊन गेल्यावर तळं रिकामं दिसलं, तर लगेच सगळे मासे गेले असं धरू नये. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली दाखवलं, की मिनो या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या जखमी कातडीतून एक रसायन पाण्यात पसरतं आणि त्याचा वास येताच बाकीचे मासे दडी मारतात. गोल्डफिश आणि कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) त्याच्याच नात्यातले. वाचलेले मासे कित्येक दिवस वर येत नाहीत. त्या काळात काठीने ढवळून त्यांना शोधू नये आणि खाणंही अगदी कमी टाकावं, कारण न खाल्लेले दाणे कुजून पाणी नासवतात. मोजदाद ते आपणहून वर येऊ लागल्यावर करावी.