युरोपची अट, मांजरीचा दाखला

२००३ च्या हंगामात नेदरलँड्समध्ये उतरलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. युरोपात एका देशाने अशी नोंद केली की तिची सूचना सगळ्या सदस्य देशांना जाते. दोष मोजक्या बागांचा असला तरी संशय नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे अशा सगळ्याच पट्ट्यावर येतो. द्राक्षाच्या तपासणीची जी साखळी आज पुण्याजवळच्या मांजरीतून चालते, ती या धक्क्यानंतर उभी राहिली. ती नीट समजून घ्यायची, तर थोडे मागे जावे लागते.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्यासोबतच अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याविषयीचा करार लागू झाला. व्यवहारात सगळे त्याला ‘एसपीएस करार’ म्हणतात. आपल्या लोकांच्या आरोग्यासाठी आयात मालावर अटी घालण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, मात्र त्या अटींना शास्त्रीय आधार हवा, असे हा करार सांगतो. तत्त्व रास्त आहे. अडचण आहे ती अट पाळल्याचे सिद्ध करण्याची. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, महागडी यंत्रे लागतात, ती चालवणारी माणसे लागतात आणि त्या प्रयोगशाळेचा अहवाल परदेशात ग्राह्य धरला जावा लागतो. गरीब देशांना तांत्रिक मदत मिळण्यास हातभार लावू, असे कराराच्या नवव्या कलमात सदस्य देशांनी मान्य केले आहे. पण किती आणि केव्हा, याचे बंधन कुणावरच नाही.

याची किंमत लवकरच दिसली. १९९७ मध्ये युरोपने बांगलादेशातल्या कोळंबीवर स्वच्छतेच्या कारणावरून काही महिने बंदी घातली. त्याच वर्षी स्पेनमध्ये बॉट्युलिझम या विषबाधेचे दोन रुग्ण आढळले आणि बोट पेरूच्या डबाबंद शतावरीकडे, म्हणजे ॲस्परॅगसकडे दाखवले गेले. पेरूने पुढे जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. सरकारी निर्यात मंडळ आणि कारखानदार एकत्र बसले, ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली स्वच्छता नियमावली उद्योगाने स्वीकारली आणि त्यानंतर शतावरीसाठी राष्ट्रीय मानके तयार झाली. एका कारखान्याच्या चुकीने सगळ्या देशाचा माल अडू शकतो, हे त्यांना कळून चुकले होते. असे नुकसान सामाईक असते, म्हणून त्यावरचा उपायही एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नसतो.

दरम्यान सरकारांच्या अटींवर आणखी एक थर चढला. १९९७ मध्येच युरोपातल्या किरकोळ विक्री साखळ्यांनी ‘युरेपगॅप’ ही स्वतःची शेतीमानके आणली. २००७ मध्ये त्यांचे नाव ‘ग्लोबलगॅप’ झाले. हा कायदा नव्हे. पण सुपरमार्केटच्या फळीवर जागा हवी असेल तर प्रमाणपत्र हवेच. २००५ मध्ये सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या चिमुकल्या कॅरिबियन देशाने आपल्या केळी उत्पादकांचे गाऱ्हाणे जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस समितीत मांडले. खासगी दुकानदाराच्या अटीला शास्त्रीय आधार मागायचा कुणी, हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

मदतीची व्यवस्थाही याच काळात आकाराला आली. नोव्हेंबर २००१ च्या दोहा परिषदेत अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना, जागतिक बँक आणि जागतिक व्यापार संघटना यांच्या प्रमुखांनी एकत्र काम करण्याचे जाहीर केले. त्यातून मानके व व्यापार विकास सुविधा, म्हणजे ‘एसटीडीएफ’, उभी राहिली. प्रकल्पांच्या निधीतला किमान ४० टक्के वाटा अत्यल्प विकसित आणि कमी उत्पन्नाच्या देशांसाठी राखायचा, असे तिचे धोरण आहे. श्रीलंकेतल्या कोसगोडा येथील दालचिनी प्रशिक्षण अकादमी हे तिच्या कामाचे ठळक उदाहरण. तिथे मसाला उद्योगाची ‘स्पाइस कौन्सिल’, सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना हे तिघे एकत्र आले, आणि दालचिनी सोलणाऱ्या कामगारांना स्वच्छ जागेत, उभे राहून किंवा बाकावर बसून काम करण्याचे शिक्षण मिळू लागले. भारतात याच सुविधेतून मसाला मंडळासोबत जिरे, बडीशेप, धणे, मिरी यांचा प्रकल्प झाला.

महाराष्ट्रातल्या द्राक्षाची गोष्ट मात्र बरीचशी आपल्या बळावर घडली. १९९१ मध्ये पुण्यात ‘महाग्रेप्स’ ही द्राक्ष निर्यात करणारी संस्था स्थापन झाली. बागायतदारांच्या सहकारी संस्था तिच्या सभासद होत्या आणि राज्य कृषी पणन मंडळाचा तिला आधार होता. एकट्या दोन एकरवाल्याला प्रीकूलिंग (काढणीनंतर माल लगेच थंड करणे), शीतगृह, कंटेनर आणि परदेशातला खरेदीदार हे सारे जमणे शक्य नव्हते. पुढे युरेपगॅप आल्यावर गटाने मिळून प्रमाणपत्र घेण्याची वाट या छोट्या बागायतदारांना उपयोगी पडली, कारण तपासणीचा खर्च वाटला गेला. १९९७ मध्ये मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. २००३ चा फटका बसला तेव्हा संशोधक, संघटित बागायतदार, निर्यातदार आणि शेतीमाल निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था अपेडा हे चारही घटक हाताशी होते. हे सगळे शून्यापासून जमवावे लागले असते, तर दोन-तीन हंगाम हातचे गेले असते.

अपेडाने अंशतपासणीचा आराखडा लागू केला आणि मांजरीच्या केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. २००६-०७ च्या हंगामापासून ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. तिची रीत अशी: बागायतदार कृषी विभागाकडे आपल्या प्लॉटची नोंदणी करतो, त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. ‘ॲनेक्शर ५’ मध्ये द्राक्षासाठी शिफारस केलेली औषधे आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस ठेवायचे हे दिलेले असते, तर ‘ॲनेक्शर ९’ मध्ये तपासायच्या रसायनांची यादी. फवारणीची वही ठेवावी लागते, कृषी अधिकारी बाग पाहून जातो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल पास झाला तरच त्या प्लॉटचा माल पॅकहाऊसकडे जातो, मग ॲगमार्क आणि त्यानंतर फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा, दाखला. पेटी रॉटरडॅमला अडलीच, तरी ती कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची हे शोधता येते. ज्या रसायनासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा आहे. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, इतकी ती बारीक आहे.

एवढी व्यवस्था असूनही २०१० मध्ये पुन्हा फटका बसला. बागायतदार ज्याला नुसते ‘सीसीसी’ म्हणतात ते क्लोरमेक्वॅट क्लोराइड उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती साधण्यासाठी वापरले जायचे. तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. युरोपात ते सापडले, कंटेनर अडकले आणि हंगामाच्या भरात भाव कोसळले. ज्यांनी कर्ज उचलून निर्यातीसाठी बाग धरली होती, त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. त्यानंतर सीसीसी यादीत आले. यादी फक्त कार्यालयात बसून ठरवली तर ती शेतातल्या वापराच्या मागे पडणारच. बागायतदार संघ, औषध विक्रेते आणि शास्त्रज्ञ यांचे बोलणे प्रत्येक छाटणीआधी व्हायला हवे.

मला सर्वांत जास्त सलते ती दुसरी गोष्ट. इतकी काटेकोर तपासणी ज्या प्रयोगशाळा करू शकतात त्या पुण्यातच आहेत, पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येणाऱ्या द्राक्षाला विक्रीआधी प्लॉटनिहाय तपासणीची सक्ती नाही. देशातही अंशांची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे, नमुने अधूनमधून घेतले जातात. तरीही कोथरूडच्या मुलाच्या डब्यातले द्राक्ष आणि ॲम्स्टरडॅमच्या मुलाच्या डब्यातले द्राक्ष यांच्यामागची खात्री सारखी नाही.

भागीदारीचे रूप आता बदलते आहे. आशियाई विकास बँकेने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या १० कोटी डॉलर कर्जातून पुण्यातून ‘मॅग्नेट’ प्रकल्प चालतो, फळे-भाज्या आणि फुलांच्या साखळ्यांसाठी. मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योग-व्यापार संघटनेने नाबार्डच्या साहाय्याने २०२० मध्ये शेतीमाल निर्यात मार्गदर्शन केंद्र सुरू केले. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. त्यांत नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को या सार्वजनिक पाठबळाच्या वित्तसंस्था होत्या. म्हणजे ज्या देशांतून अटी येतात, तिथलेच भांडवल आता त्या अटी पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीत येते आहे.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ताजे अंजीर फार दिवस टिकत नाही, म्हणून तिथल्या शेतकरी उत्पादक कंपनीने रसाचा मार्ग धरला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपेडाच्या साहाय्याने तो रस पोलंडला गेला. द्राक्षाला महाग्रेप्सपासून ग्रेपनेटपर्यंत यायला दीड दशक लागले होते. अंजिराच्या बागांसाठी औषधांची यादी, नमुन्यांचा खर्च आणि प्लॉटची नोंद यांची जबाबदारी कुणी किती उचलायची, हे आत्ताच, पहिला कंटेनर अडण्याआधी, ठरवता येण्याजोगे आहे.