हार्ट फेल्युअरमधील शुश्रूषाभार आणि उपचारपालन

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची घरी दीर्घकाळ, बहुधा विनामोबदला, देखभाल करणाऱ्या व्यक्तीवर पडणारा शारीरिक, मानसिक व आर्थिक ताण म्हणजे शुश्रूषाभार. आणि सांगितलेली औषधे, पथ्य व तपासण्या नियमाने पाळणे म्हणजे उपचारपालन. या विकारात हृदय बंद पडत नाही. शरीराला पुरेसे रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडते, आणि फुप्फुसांत व पायांत पाणी साठते. उपचारपालन रुग्णाच्या नावावर मांडले जात असले, तरी घरोघरी ते पत्नी, सून किंवा मुलगीच सांभाळताना दिसते, म्हणून या दोन बाबी वेगळ्या काढणे कृत्रिम ठरते.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रुग्णाचे वजन करून वहीत लिहायचे, घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का ते पाहायचे, आणि तीन दिवसांत २ किलोंहून अधिक वजन वाढले तर डॉक्टरांना कळवायचे, हा नित्यक्रम असतो. मिठाचे पथ्य त्याहून जिकिरीचे, कारण एकाच चुलीवर दोन चवी रांधाव्या लागतात आणि लोणचे-पापड ताटातून हटवण्याचा वाईटपणाही तिच्याच वाट्याला येतो. हौसेने आणलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ तर घातकही ठरू शकते: त्यात पोटॅशियम असते, आणि या विकारात दिले जाणारे, शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध चालू असताना पोटॅशियम रक्तात बेसुमार वाढण्याचा धोका असतो.

गोळी चुकते ती केवळ विसरल्यामुळे नव्हे. लग्नाला किंवा एसटीने गावी जायचे असले, की वाटेत अडचण नको म्हणून अंगात साठलेले पाणी बाहेर काढणारी लघवीची गोळी मुद्दाम टाळली जाते. मग दम लागतो, रुग्णालयात भरती होते, आणि शुश्रूषेचा भार पुन्हा वाढतो.

भार मोजण्यासाठी वार्धक्याचे अभ्यासक स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांची १९८० मधील, मुळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या देखभालकर्त्यांसाठी केलेली प्रश्नावली येथेही वापरतात; प्रचलित रूपात तीत २२ प्रश्न व कमाल ८८ गुण आहेत. मीठ, वजनाची वही किंवा गोळ्यांच्या वेळा यांविषयी मात्र ती काही विचारत नाही. शिवाय भार वाढला की पालन घटते, असे सरळ गणितही येथे मांडता येत नाही. वहीतला एकही दिवस कोरा नसलेल्या घरात ती लिहिणारीची झोप कित्येक महिने पुरी झालेली नसते.