कोलेस्टेरॉल ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज (सीवायपी७ए१)

सीवायपी७ए१ हे लिव्हरच्या पेशींमधलं एन्झाइम, सायटोक्रोम पी४५० च्या मोठ्या घराण्यातलं, आणि कोलेस्टेरॉलपासून बाइल ॲसिड (पित्तातली आम्लं) बनवायची सुरुवात हेच करतं. त्याचं जीन ८ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे.

हे इतकं महत्त्वाचं का, तर कोलेस्टेरॉलच्या रेणूतल्या चार रिंगा आपल्या शरीराला तोडताच येत नाहीत, साखर जाळून संपवता येते तसं याचं होत नाही, मग जास्तीचं कोलेस्टेरॉल एकतर तसंच पित्तातून बाहेर टाकायचं नाहीतर त्याचं बाइल ॲसिड करायचं. मोठ्या माणसात रोज साधारण ५०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल या दुसऱ्या वाटेने जातं. एन्झाइम करतं काय, तर ७ नंबरच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल ग्रुप बसवतं, बस एवढंच, पण मुख्य मार्गातली सगळ्यात हळू पायरी हीच आहे म्हणून पुढे कोलिक आणि किनोडीऑक्सिकोलिक ही मुख्य बाइल ॲसिड किती बनणार ते इथेच ठरतं. सीवायपी२७ए१ या दुसऱ्या एन्झाइमपासून सुरू होणारा आणखी एक मार्ग आहे, माणसात त्याचा वाटा कमी.

खरं बघण्यासारखं आहे ते याचं कंट्रोल. जेवल्यावर बाइल ॲसिड आतड्यात उतरतात, फॅट पचायला मदत करतात आणि त्यातले जवळपास ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा लिव्हरकडे येतात. ते शोषले जाताना तिथल्या पेशींमधला, बाइल ॲसिड ओळखणारा एफएक्सआर रिसेप्टर चालू होतो, एफजीएफ१९ हे हार्मोन रक्तात सुटतं आणि लिव्हरमधे सीवायपी७ए१ चं जीन दाबलं जातं, म्हणजे माल पुरेसा आहे, आता नवीन नको.

कोलेस्टायरामिन नेमका हाच ब्रेक काढतं. हे औषध स्वतः रक्तात जातच नाही, आतड्यातच बाइल ॲसिड धरून शौचावाटे बाहेर नेतं, मग लिव्हरमधे एन्झाइम वाढतं, कोलेस्टेरॉल खर्च होतं, ते कमी पडलं की लिव्हर एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल नेणारे कण) पकडणारे रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. किती सरळ आणि सुंदर युक्ती आहे ही!

उंदरांवरचे निष्कर्ष मात्र जपून वापरावेत, त्यांच्यात कोलेस्टेरॉल जास्त खाल्लं की एलएक्सआर या, कोलेस्टेरॉल वाढल्याचं ओळखणाऱ्या रिसेप्टरमुळे हे एन्झाइम वाढतं, माणसात तसं होत नाही.

२००२ मधे या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेली माणसं एकाच कुटुंबात सापडली, त्यांचं एलडीएल वाढलेलं होतं, आणि त्यातल्या काहींना स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा नीट उपयोग होत नव्हता, काहींना कमी वयात पित्ताचे खडे झाले होते. एन्झाइम किती काम करतंय हे बघायला लिव्हरचा तुकडा काढावा लागत नाही, रक्तातलं सी४ (या एन्झाइमच्या पायरीनंतर बनणारा पदार्थ) मोजलं की अंदाज येतो, आणि बाइल ॲसिडमुळे होणारे जुलाब ओळखायलाही हीच टेस्ट वापरतात.