हिप्नोबर्थिंग आणि गर्भसंस्कार : फी भरण्याआधी

गेल्या महिन्यात पार्ल्याला मामेबहिणीचं डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी, धनुष्यबाण, वाटीखाली बर्फी की पेढा, सगळं रीतसर. पंगतीत माझ्याकडे वाकून तिनं हळूच विचारलं, "ताई, हिप्नोबर्थिंगचा क्लास लावू का गं? तू केला होतास ना?" मी तोंड उघडायच्या आत समोरच्या काकूंनी पुरी मोडता मोडता निकाल देऊन टाकला : "म्हणजे आपले गर्भसंस्कारच ते. इंग्रजी नाव दिलं की फी वाढते."

फी वाढते एवढं खरं. बाकी गोंधळ आहे, पण तो काकूंचा एकटीचा नाही. मुंबईत हे दोन्ही क्लास पुष्कळदा एकाच जागी, एकाच पॅकेजमध्ये मिळतात. मंद बासरी दोन्हीकडे, डोळे मिटून पोटावर हात ठेवणं दोन्हीकडे, "बाळाशी बोला" दोन्हीकडे. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार कसा?

मी एकच विचारते : हे सगळं चाललंय कोणासाठी? गर्भसंस्कारांचं लक्ष बाळाकडे असतं आणि त्यांचा काळ नऊ महिन्यांचा. हिप्नोबर्थिंगचं लक्ष आईकडे असतं, आणि तयारी चालते ती शेवटच्या काही तासांची. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत बाईनं काय करायचं, एवढाच त्याचा विषय. एक क्लास लावला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही.

गर्भसंस्कारांबद्दल आपल्याकडे फार सांगायला नको. सोळा संस्कारांतले गर्भाधान, पुंसवन आणि सीमंतोन्नयन हे तीन जन्माआधीचे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीनं कोणत्या महिन्यात काय घ्यावं तेही दिलेलं आहे. आणि चक्रव्यूहात शिरायची विद्या पोटात असताना ऐकणारा अभिमन्यू तर घरोघरी असतोच. आजच्या क्लासात यातलं थोडं, योगासनं थोडी, स्तोत्रं, आहार, बाळासाठी चित्रं काढणं असं सगळं एकत्र येतं. चांगलं खाणं, झोप, मन शांत ठेवणं याला कोण नाही म्हणेल? पोटातलं बाळ ऐकतं हेही खरं आहे. सहावा महिना संपता संपता ते आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून टेपला जोडलेली चोखणी चोखण्याची लय बदलतात. पण आईचा आवाज फुकट आहे. क्लासमुळे बाळ हुशार होतं, उजळ होतं, याला पुरावा नाही. आणि 'मुलगाच होईल' असं कोणी आडून जरी सुचवलं, पुडी किंवा काढा हातात ठेवला, तर तिथून चप्पल घालून सरळ घरी यावं. गर्भलिंगनिवडीविरुद्धचा कायदा १९९४ पासून आहे, आणि असली औषधं बाळाला अपायही करू शकतात.

आता हिप्नोबर्थिंग. नावात संमोहन असल्यामुळे आमच्या सासूबाईंना शिवाजी मंदिरातला प्रयोग आठवला होता : एक माणूस टिचकी वाजवतो आणि दुसरा स्टेजवर कोंबडा होतो. तसलं काही नाही. यात बाई पूर्ण जागी असते, ऐकत असते, कधीही डोळे उघडून "पाणी द्या" म्हणू शकते. हे स्वतःच स्वतःला सैल सोडायचं तंत्र आहे. त्याच्या मुळाशी ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाची १९३० च्या दशकातली मांडणी आहे : भीतीनं अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला जास्त दुखतं, दुखलं की भीती आणखी वाढते. हे चक्र भीतीच्या टोकाला तोडायचं. अमेरिकेतल्या मेरी मोंगन या बाईंनी १९८९ मध्ये त्याला संमोहनाची जोड देऊन पद्धत बसवली आणि हे नाव रुजलं.

प्रत्यक्ष क्लासात काय असतं? नाकानं चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर. रोज रात्री ऐकायची ध्वनिफीत. खांदे, जबडा, कंबर एकेक करून सैल सोडणं. नवऱ्याच्या हाताच्या एका ठरावीक स्पर्शानं अंग ढिलं पडेल इतका सराव. आणि शब्द बदलणं. 'कळ' म्हणायचं नाही, 'लाट' म्हणायचं. मला हे जरा पुस्तकी वाटलं. मराठीत कळ सोसण्याची इतकी जुनी सवय आहे की ती एका रविवारात जात नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "लाट म्हण नाहीतर भरती म्हण, दुखायचं ते दुखतंच." पण लाटेत एक गोष्ट आहे, ती चढते आणि उतरते. कळही साधारण मिनिटभराची असते, आणि मग मध्ये उसंत मिळते. ती उसंत लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

याचा सराव बर्फावर करतात. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत घट्ट धरायचा आणि मिनिटभर सोडायचा नाही. पहिल्यांदा मी पंचवीस सेकंदांत टाकून दिला. हात सुन्न, खांदे कानांपर्यंत चढलेले, दातावर दात. दुसऱ्यांदा फक्त बाहेर सोडायच्या श्वासाकडे लक्ष दिलं. खडा तितकाच गार होता, पाणी कोपरापर्यंत ओघळून लादीवर पडत होतं, पण मोबाइलवर मिनिट झालं तेव्हा मूठ अजून मिटलेलीच होती. त्या दिवशी मला क्लास काय शिकवतोय ते कळलं. दुखणं जात नाही. दुखत असताना आपण काय करतो, ते बदलतं.

संशोधनातूनही साधारण हेच दिसतं. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात नऊ चाचण्या आणि २९५४ बायकांची माहिती एकत्र पाहिली. संमोहन शिकलेल्या बायकांनी वेदनाशामकं एकंदरीत थोडी कमी घेतली असावीत. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं कंबरेतलं इंजेक्शन, मात्र तेवढंच लागलं, आणि नॉर्मल बाळंतपणाच्या प्रमाणातही स्पष्ट फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीत एपिड्युरल घेणाऱ्या संमोहन शिकलेल्या गटात सुमारे २८ टक्के, न शिकलेल्या गटात ३०, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा शिकलेल्या गटानं सांगितलं की वाटलं होतं त्यापेक्षा भीती आणि काळजी कमी झाली. त्या चाचणीत शिकवणी होती दीड-दीड तासाची, दोनदाच. पाच आकडी फीचं बारा तासांचं पॅकेज बघताना हे आठवावं.

म्हणून "वेदनारहित प्रसूतीची खात्री" किंवा "सिझर टाळा" असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे वाचत नाही. सिझर व्हायचं की नाही यात तुमच्या श्वासापेक्षा बाळाची स्थिती, तुमचं बीपी आणि दवाखान्याची रीत यांचा हात मोठा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, खासगीत ४७.४ टक्के. नाव कुठे घालायचं हा विचार आधी करावा, क्लासचा नंतर.

जाता जाता तिसऱ्या भावंडाचं नाव : लमाझ. फर्नांद लमाझ या फ्रेंच डॉक्टरांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात पाहून आणलेली श्वासाची आणि तयारीची पद्धत. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांतल्या प्रसूतीपूर्व वर्गांवर तिची छाप असते. त्यात कळा, टाके, दूध पाजणं, सिझरनंतरची काळजी सगळं येतं, आणि फी बेताची. पहिलटकरणीनं आधी हाच करावा असं माझं सरळ मत आहे.

आता माझं. मी आणि नवरा पाच रविवार मुलुंडहून अंधेरीला जात होतो. माझ्यापेक्षा त्याचीच तयारी जास्त झाली होती. प्रत्येक टप्प्यावर काय बोलायचं त्याची त्यानं कार्डं केली होती, लॅमिनेट करून. कळा सुरू झाल्या रात्री दोनला. लेबर रूममध्ये दोन टेबलं, मध्ये हिरवा पडदा, पडद्यापलीकडे दुसरी बाई. साहजिकच पुरुषांना आत मनाई. त्या बाईच्या बाजूनं नियम बरोबरच होता, पण आम्हाला तो आधी कोणी सांगितला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता. नवरा कार्डं घेऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर. सिस्टरनी इयरफोन काढायला लावले, कारण त्यांचं बोलणं मला ऐकू यायला हवं होतं. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत माझ्याकडे उरला फक्त आठ आकड्यांचा श्वास. वॉर्डातल्या मावशींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "श्वास धरू नको गं, सोड. सोड." क्लासमधलं वाक्य, जवळपास तेच. पुढे मी एपिड्युरल घेतलं. चूक काहीच नव्हतं त्यात, तरी क्लासच्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन दोन दिवस उगाच अपराधी वाटत राहिलं. ज्या क्लासात इंजेक्शन किंवा सिझर म्हणजे हार, असा सूर असेल, तो फुकट असला तरी नको.

बाळंतपणात सतत सोबत असण्याचा उपयोग हिप्नोबर्थिंगपेक्षा कितीतरी पक्का सिद्ध झालाय. सतत आधार मिळालेल्या बायकांचं सिझरचं प्रमाण थोडं कमी, कळांचा काळही थोडा कमी, असं पंधरा हजारांवर बायकांच्या चाचण्यांतून दिसतं. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीणीला परवानगी दिली आहे. खासगीत मात्र ज्याचा त्याचा नियम.

म्हणून पैसे भरण्याआधी क्लासला नाही, दवाखान्याला फोन करायचा. आत कोण येऊ शकतं, रात्री तोच नियम असतो का, चालायला-बसायला देतात का, खोलीत दुसरी बाई असते का. नवरा चालणार नसेल तर जोडप्यासाठीच्या क्लासचे अर्धे पैसे कॉरिडॉरमध्ये बसणार आहेत. मग क्लासच्या बाईंना विचारायचं : सिझर झालं तर यातलं काय उपयोगी पडेल? याचं नीट उत्तर देणारी बाई मला भरवशाची वाटते. ज्यांना बाळंतपणाची मनापासून धास्ती आहे, किंवा पहिल्या वेळचा अनुभव वाईट होता, त्यांनी जरूर पैसे खर्चावेत. पूर्वी भास, सायकोसिस असा आजार झाला असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. आणि रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यात श्वास मोजत बसायचं नाही. उठून दवाखाना गाठायचा, गाडी नसेल तर १०८.

मामेबहिणीनं दुसऱ्याच दिवशी नर्सिंग होमला फोन लावला. नवरा चालणार नाही, आई चालेल. मग पॅकेज राहिलं बाजूला. दवाखान्यातल्या वर्गात नाव घातलं, माझ्या जुन्या ध्वनिफिती घेतल्या, आणि शिकायला बसवलं मामीला. परवा पार्ल्याला गेले तर स्वयंपाकघरात दोघी एकेक खडा मुठीत धरून उभ्या. मामी मोठ्यानं आकडे मोजत होती. सहावर आली की तिला हसू फुटायचं, आणि परत एकपासून.