डुकराने बिडी पेटवली

भाच्याने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. टेक्सासमधला कोणी शेतकरी रायफलवरच्या थर्मल, म्हणजे उबेवरून बघणाऱ्या दुर्बिणीतून रात्री रानडुकरं टिपतोय, राखाडी पडद्यावर पांढरीशुभ्र डुकरं सैरावैरा पळतायत. खाली भाच्याची पुस्ती: "मामा, भिंतीपलीकडचंसुद्धा दिसतं यात. १८०० मीटरपर्यंत! राजापूरला एक घेऊया का?"

आधी कायद्याचं. टेक्सासात खासगी जमिनीवर मोकाट डुकरं रात्रीही मारायला मुभा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. शेतीची नासधूस करणारं डुक्कर असलं तरी परवानगीशिवाय मारता येत नाही. पण एका रात्रीत अख्खा भाताचा कुणगा लोळून सपाट झालेला ज्याने पाहिलाय, त्याला अंधारात बघणाऱ्या यंत्राची भुरळ पडणारच. मलाही पडते, ती त्यातल्या भौतिकशास्त्राची.

भिंतीपलीकडचं दिसतं ही शुद्ध थाप. भिंत सोडा, खिडकीच्या काचेपलीकडचंही दिसत नाही. अंगाच्या उबेतून निघणारी अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं सर्वांत जोरकस असतात ती ९-१० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, आणि नेमकी तीच साधी काच गिळून टाकते. म्हणून या दुर्बिणीचं भिंग सहसा जर्मेनियमचं असतं. आपल्या डोळ्यांना ते आरशासारखं चकचकीत आणि अपारदर्शक, उबेला मात्र आरपार.

भिंगामागे असतो मायक्रोबोलोमीटर, म्हणजे ऊब मोजणारा सेन्सर, आणि खरी गंमत इथे आहे. १२ मायक्रॉन बाजूचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बराच लहान, एक चौकोनी पापुद्रा. त्यावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर. दोन बारीक पायांवर तो निर्वात पोकळीत अधांतरी उभा असतो, कारण चिपला टेकला तर मिळालेली ऊब लगेच निसटेल. समोरचं दृश्य १ अंशाने गरम झालं की पापुद्रा तापतो तो जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाने. व्हॅनेडियम ऑक्साइडचा विद्युतरोध अंशामागे साधारण २ टक्क्यांनी घटतो. आता चांगल्या दुर्बिणीवर '४० मिलिकेल्विन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे दृश्यातला ०.०४ अंशाचा फरक तिला कळतो. गुणाकार करा: ०.०४ × ०.०१ × ०.०२. विद्युतरोधातला दहा लाखांत आठ भागांचा बदल! आणि असे लाख-दोन लाख पापुद्रे सेकंदाला पन्नासेक वेळा मोजले जातात. मध्येच आतून 'टक्' असा आवाज येतो, चित्र क्षणभर गोठतं. ती आतली झडप. सगळ्या पापुद्र्यांना एकसारख्या तापमानाची पाटी दाखवून यंत्र त्यांचे रुसवेफुगवे जुळवून घेतं. भाच्याला वाटलं, बिघडलं.

हो, दुर्बीण आम्ही प्रत्यक्ष पाहिली. गेल्या कार्तिकात एका स्नेह्याची हातात धरायची दुर्बीण घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर गेलो. रायफलवरची नव्हती, पण आतला जीव तोच. अंदाजे २५० मीटरवर कुणग्याच्या कडेला एक पांढरा ठिपका हलत होता. "डुक्कर!" भाचा कुजबुजला. झूम केलं तर तोच ठिपका मोठ्या चौकोनांचा झाला. दोन मिनिटांनी ठिपक्याच्या वरच्या टोकाला लख्खकन उजेड झाला. शेजारचे तात्या राखणीला उकिडवे बसले होते आणि त्यांनी बिडी पेटवली होती.

हिशोब सोपा आहे. १२ मायक्रॉनचा पापुद्रा आणि ३५ मिलिमीटरचं भिंग असेल तर १०० मीटरवर चित्राच्या एका ठिपक्यात (एक पापुद्रा म्हणजे एक ठिपका) साडेतीन सेंटिमीटर मावतात, २५० मीटरवर साडेआठ. उकिडवा बसलेला माणूस म्हणजे उंचीला फार तर डझनभर ठिपके. भाच्याने सांगितलेले १८०० मीटर म्हणजे 'तिथे काहीतरी ऊबदार आहे' एवढंच. काय आहे ते नव्हे. रायफलवर बसवायच्या वस्तूत हा फरक जिवावरचा आहे. विक्रेते आडव्या ओळीत ६४० पापुद्रे असलेला सेन्सर ३८४ वाल्यापेक्षा 'स्पष्ट' म्हणून खपवतात. पापुद्रा आणि भिंग तेच असेल तर तपशील तेवढाच राहतो, फक्त दृश्य रुंद होतं. तपशील हवा तर भिंगाचे मिलिमीटर विचारा. झूमचे आकडे ऐकूच नका.

रायफलवरच्या काही दुर्बिणींत लेझरने अंतर मोजायची सोयही असते, ते त्यामानाने सरळ आहे. १५० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला १ मायक्रोसेकंद लागतो, तो वेळ मोजायचा. मग गणकयंत्र गोळीचा उतार काढतं: ३०० मीटर जायला ०.४ सेकंद धरले तर गोळी पाऊण मीटरहून जास्त खाली येते. मात्र लेझर आधी समोरच्या गवताला लागला तर गवताचंच अंतर मिळतं, आणि कोकणात गवताला तोटा नाही.

जांभ्यालाही नाही. दिवसभर तापलेला सडा आणि गडगे (दगडी कुंपणं) रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. त्या रात्री साडेआठला गडग्याचा एक उभा चिरा माणसासारखा उजळलेला दिसला आणि बरोबरच्या एकाने राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक दैवताला, हात जोडले. जोडायचे तर जोडावेत, पण तो दगड होता. दुपारचं ऊन परत करत होता. चिरा आणि डुक्कर दोन्ही सारखेच ऊबदार असले की यंत्राला भेद कळत नाही. पावसात वेगळीच पंचाईत: ओलं रान सगळं एकाच तापमानाला येतं आणि हवेतलं पाणी उरलीसुरली ऊब वाटेत खातं. त्यामुळे खरं चित्र मिळतं ते कोरड्या दिवसांत, पहाटे चारच्या सुमाराला. भाचा चारला उठणाऱ्यांतला नाही.