काळ्या दगडाची भुकटी म्हणजे पोझोलाना नव्हे

आपला सह्याद्री लाव्हाचाच. मग क्रशरवर साचणारी काळ्या दगडाची भुकटी सिमेंटमध्ये मिसळली, तर रोमन बांधकामासारखं टिकाऊ काँक्रीट का होऊ नये? हा प्रश्न साइटवर बरेचदा निघतो, आणि तो रास्तच आहे.

फरक निवण्यात आहे. इटलीत नेपल्सजवळच्या पोझुओली गावाची ज्वालामुखीची राख, म्हणजे मूळ पोझोलाना, स्फोटात हवेत उडाली आणि झटकन गार झाली. स्फटिक बांधायला सवड न मिळाल्याने ती बरीचशी काचेसारखी राहिली. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून सावकाश निवला, त्यात फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांचे पक्के स्फटिक झाले. काचेतली सिलिका चुन्याशी जुळते, स्फटिकातली सहसा दाद देत नाही.

रोमन लोक ती राख थेट चुन्यात मिसळत. रोममधल्या पँथिऑन मंदिराचा सुमारे 43 मीटर व्यासाचा घुमट सळईविना साधारण 1,900 वर्षं उभा आहे. आजच्या सिमेंटमध्ये चुना आतूनच येतो. सिमेंट पाण्याशी जुळताना मोकळा चुना सुटतो. तो ताकदीला फारसा उपयोगी नाही, पाण्याबरोबर झिरपून जातो आणि सल्फेटच्या हल्ल्यात सापडतो. पोझोलाना त्यालाच धरून नवा बांधणारा पदार्थ तयार करते आणि बारीक छिद्रं बुजत जातात. समुद्राकाठी सळई गंजवणारं मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत उशिरा पोचतं ते यामुळे.

पण हे काम संथ आहे. 7 दिवसांचा क्यूब, म्हणजे चाचणीचा काँक्रीटचा ठोकळा, ताकदीत कमी भरतो, ताकद 28 दिवसांनंतरही वाढत राहते. सुरुवातीची ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी ठरवली जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, आखडलं तर मात्र फायदा हातचा जातो. त्यातून चुना खर्ची पडलेला असल्याने कार्बोनेशनही, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवरचा परिणामही, लवकर आत शिरतं.

दगडाची भुकटी वाळूच्या जागी चांगली चालते, पोकळ्याही भरते. सिमेंट कमी करून तिथे घातली, तर ताकद घटते.

पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट; त्याच्या गोणीवरचं ‘पोझोलाना’ हे नाव पोझुओलीचंच. आत मात्र बहुधा औष्णिक वीज केंद्राची फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) असते, 15 ते 35 टक्के. तीही झटकन निवलेली काचच.

शंका असेल तर भुकटी आणि विझवलेला चुना ओला करून गोळा करा, हवा लागू न देता दोन-तीन आठवडे दमट ठेवा, मग पाण्यात सोडा. पोझोलानाचा गोळा टिकतो, दगडाच्या भुकटीचा विस्कटतो.